कॉलेज अ‍ॅथलेटिक्स: तुमच्या मते सगळ्यात भारी दिवस कोणता?

युजीनकर

काल कपाट आवरताना २०१८ चं एक तिकीट सापडलं. भिजून वाळलेलं, कडा फुगलेल्या, शाई अर्धी पुसलेली. हेवर्ड फील्ड, युजीन, ऑरेगन. एनसीएए मैदानी स्पर्धेचा शेवटचा दिवस, शनिवार ९ जून. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची मोठी संस्था. तिची कुठल्याही खेळातली पहिली राष्ट्रीय स्पर्धा अ‍ॅथलेटिक्सचीच होती, १९२१ साली शिकागोत. इलिनॉयने जिंकली. पदकांपेक्षा इथे गुणांना महत्त्व. पहिल्या आठांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. म्हणजे आठवा आलेला गोळाफेकवाला पोरगाही घरी काहीतरी घेऊन जातो, आणि शेवटच्या शर्यतीपर्यंत सगळे कागद-पेन घेऊन बेरजा मारत बसलेले असतात.

तर त्या शनिवारी. पाऊस आपल्या आषाढासारखा, थांबायचं नावच नाही. मी पूर्वेकडच्या जुन्या लाकडी स्टँडमध्ये. १९२५ चा स्टँड तो, लोकांनी पाय आपटले की खालच्या फळ्या ढोलासारख्या वाजायच्या. त्याच उन्हाळ्यात तो पाडला, त्यामुळे त्याची ती शेवटची मोठी स्पर्धा ठरली. मुलींची ४×४०० रिले (चौघी, प्रत्येकी ४०० मीटर) उरली होती. यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया, तिला विजेतेपदासाठी रिले जिंकणंच भाग. दुसऱ्या आल्या तर ५१ गुण, आणि जॉर्जियाचे ५२.

शेवटच्या बॅटनला, म्हणजे रिलेची कांडी एकीकडून दुसरीकडे देताना, घोळ झाला. दोघींचे हात एकमेकींना सापडेनात. यूएससीची केंडल एलिस निघाली तोवर पर्ड्यूची मुलगी पंचवीस-तीस मीटर पुढे. माझ्या शेजारच्या आजोबांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. शेवटच्या वळणापर्यंत मलाही वाटलं, झालं. मग सरळ भागात एलिस अशी काही आली की काय सांगू. शेवटची दहा मीटर स्टँडमध्ये कोणी बसलेलं नव्हतं. ३:२७.०६ विरुद्ध ३:२७.१३. अंतिम तक्ता ५३–५२.

आजोबांनी पेन परत काढलं आणि बेरीज दोनदा तपासली.

तुमचा दिवस कोणता? ऑलिंपिक नको, कॉलेजचाच हवा.

गोट्या

पहिला प्रतिसाद माझा! आणि उत्तरही सोपं आहे राव. जेसी ओवेन्स, बर्लिन ऑलिंपिकवाला. २५ मे १९३५. पाऊण तासात चार विश्वविक्रम. धागा बंद करा, चहा घ्या.

तिखटमीठ

गोट्या, चहा थांबव. एक तर ती एनसीएए नव्हती. बिग टेन, म्हणजे त्या पट्ट्यातल्या कॉलेजांची आपसातली स्पर्धा, अ‍ॅन आर्बरला. आणि चार विक्रम नव्हेत, तीन मोडले, एक बरोबरीत. काही जण सहा म्हणतात, कारण २२० यार्ड सरळ आणि २२० यार्ड लो हर्डल्सचे (बुटक्या अडथळ्यांच्या शर्यतीचे) वेळ २०० मीटरच्या खात्यातही धरले गेले. बेरीज कशी करायची ते एकदा ठरवा आणि मग धागा बंद करा.

गोट्या

तुम्ही लग्नात जेवणाच्या पंगतीतही जिलब्या मोजत असाल.

जुना पीटी सर

तिखटमीठ यांचं बरोबर आहे, पण धागाकर्त्याने "कॉलेजचा दिवस" म्हटलंय, तेव्हा बिग टेन चालेल असं मी धरतो.

त्या दिवसाचा कालक्रम माझ्या वर्गाच्या फळ्यावर कायम लिहिलेला असायचा. ३:१५ ला १०० यार्ड, ९.४ सेकंद, विक्रमाशी बरोबरी. ३:२५ ला लांब उडी. एकच उडी मारली, ८.१३ मीटर. ३:३४ ला २२० यार्ड, २०.३. चार वाजता लो हर्डल्स, २२.६, ती शर्यत २३ च्या आत कोणी पहिल्यांदाच पळालं. आणि हे सगळं पायऱ्यांवरून पडून पाठ धरलेली असताना. प्रशिक्षक लॅरी स्नायडर त्याला उतरवायला राजी नव्हते.

पोरांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगायचो. उडीपूर्वी त्याने खड्ड्याच्या कडेला त्या वेळच्या विश्वविक्रमाची खूण ठेवून घेतली होती. तो विक्रम जपानच्या चुहेई नाम्बूचा, ७.९८. खूण समोर, आणि तो तिच्या पंधरा सेंटिमीटर पलीकडे पडला. ती ८.१३ मग ऑगस्ट १९६० पर्यंत टिकली. पंचवीस वर्षं! एवढ्या काळात आमच्या शाळेची तीन मुख्याध्यापकं बदलली.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात टंकायला बसलो ती. १०० यार्डाच्या त्या ९.४ च्या मागे एक वेगळीच कथा आहे. १९२९ साली शिकागोत एनसीएए स्पर्धेतच जॉर्ज सिम्प्सन नावाचा पोरगा ९.४ पळाला होता. तोही ओवेन्सच्याच ओहायो स्टेटचा. पण विक्रम मान्य झाला नाही. का? त्याने स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय टेकवायचे ठोकळे, वापरले होते! ब्लॉक तेव्हा नवीन, आंतरराष्ट्रीय महासंघाला ते लबाडीसारखे वाटले. पुढच्या वर्षी तिथेच फ्रँक वायकॉफ ब्लॉकशिवाय ९.४ पळाला आणि पुस्तकात नाव त्याचं लागलं. ब्लॉकना मान्यता मिळाली १९३७ ला. म्हणजे ओवेन्सने सगळं केलं ते राखेच्या ट्रॅकवर, हातातल्या छोट्या थापीने पाय रोवायला खळगे उकरून.

हे वाचून कोणाला नवल वाटेल, मला नाही वाटत. आमचा मुरमाचा ट्रॅक होता, फक्की मारलेला. जिल्हा स्पर्धेला जाताना सामानात स्पाइक्स नसायचे, पण खुरपं असायचं. मागच्या पायाचा खळगा पुढच्यापेक्षा उभा खणायचा, नाहीतर माती सुटते आणि पोरगं तोंडावर. दोन शर्यतींच्या मधे खळगे बुजवायचं काम पंचांचं असलं तरी ते करणार कोण, आम्हीच.

अनुजा_पी

सर, खुरपं वाचून हसू आलं आणि शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आलं.

ओवेन्सबद्दल एक जोडते. ओहायो स्टेटने त्याला शिष्यवृत्ती दिली नव्हती. काळा म्हणून वसतिगृहात जागा नाही, दौऱ्यावर गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर जेवण नाही. फीसाठी तो राज्य विधानभवनात लिफ्ट चालवायचा. १९३५ आणि १९३६ अशा दोन वर्षांत एनसीएएचे चार-चार प्रकार जिंकले, एकूण आठ. आणि मजा बघा, दोन्ही वर्षी सांघिक विजेतेपद गेलं यूएससीकडे. त्यांनी १९३५ ते १९४३ सलग नऊ वर्षं ते सोडलंच नाही. एकट्याने चार सुवर्णं आणूनही संघ जिंकत नाही, हा त्या १०-८-६ चा हिशेब.

पण आतापर्यंत आलेली नावं बघा. युजीनकरांची रिले सोडली तर सगळे पुरुष. कारण साधं आहे. एनसीएएने मुलींची मैदानी स्पर्धा सुरूच केली १९८२ साली. मुलांनंतर एकसष्ट वर्षांनी!

सरांनी ८.१३ चा उल्लेख केला. तो विक्रम १९६० मधे मोडला राल्फ बोस्टनने. टेनेसी स्टेटचा विद्यार्थी, त्याच वर्षीचा एनसीएए लांब उडी विजेता. आता त्याच कॉलेजात, त्याच वर्षी, विल्मा रुडॉल्फ शिकत होती. रोम ऑलिंपिकला तीन सुवर्णं. तिच्या ४×१०० च्या चारही मुली एकाच कॉलेजच्या, टेनेसी स्टेटच्या, एड टेम्पल सरांच्या. एका कॉलेजच्या पोरी उभ्या जगाला हरवतात, आणि त्यांना स्वतःच्या देशाची कॉलेज स्पर्धा पळता येत नाही, कारण ती भरतच नाही. बोस्टनला एनसीएए विजेता म्हणता येतं. विल्माच्या नावापुढे ते कधीच लागू शकलं नाही.

म्हणून माझा दिवस कुठल्या विक्रमाचा नाही. १९८२, प्रोव्हो, युटा, पहिली मुलींची स्पर्धा. यूसीएलए जिंकली, हेप्टॅथलॉनमधे (सात प्रकारांची एकत्र स्पर्धा) त्यांचीच जॅकी जॉयनर. त्याच काळात नेब्रास्काकडून मर्लिन ऑटी पळत होती, इनडोअर-आउटडोअर मिळून तिने १४ विजेतेपदं नेली.

गोट्या

+१ ताई. विल्माचं हे डोक्यातच आलं नव्हतं.

खोखोपटू

प्रोव्होवरून आठवलं. १९६७ ची मुलांची स्पर्धाही तिथेच होती. यूएससीने ४×११० यार्ड रिलेत ३८.६ चा विश्वविक्रम केला. संघात कोण? मॅकलॉक, कुलर, ओ. जे. सिम्प्सन आणि शेवटी जमैकाचा लेनॉक्स मिलर. होय, खुनाच्या खटल्याने गाजलेला तोच ओ. जे. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे, इथे नको.

मला मात्र आपल्या लोकांबद्दल लिहायचंय. एनसीएए जिंकलेल्यांत मला माहीत असलेले तीन भारतीय आहेत आणि तिघेही उडी नाहीतर फेक. पहिला मोहिंदर सिंग गिल, कॅल पॉलीचा, तिहेरी उडी, १९७० आणि १९७१. दुसरा विकास गौडा, नॉर्थ कॅरोलायना, थाळीफेक, २००६. मैसूरचा जन्म, वाढला मेरीलँडमधे. त्याने पुढे २०१४ ला ग्लासगोत राष्ट्रकुलचं सुवर्णही आणलं. तिसरा तेजस्विन शंकर, कॅन्सस स्टेट, उंच उडी, २०१८ ला २.२४ आणि परत २०२२ ला २.२७.

युजीनकर, २०१८ ला तुम्ही शनिवारी होतात म्हणता. शुक्रवारी होतात का??

युजीनकर

होतो! आणि हेच लिहायचं राहिलं. शुक्रवार मुलांचा, शनिवार मुलींचा असतो.

उंच उडीची जागा माझ्यापासून लांब होती, त्यामुळे तेजस्विन मला दिसला तो काठीवरून उलटा जाणारा एक उंच, सडसडीत पोरगा एवढाच. पहिलंच वर्ष त्याचं अमेरिकेत, वय १९. दिल्लीत शाळेत तो मुळात वेगवान गोलंदाज, पीटीच्या सरांनी उंच उडीकडे वळवला. (जुना पीटी सर, कॉलर ताठ करा.)

आता योगायोग ऐका. त्याच दिवशी, त्याच मैदानावर राय बेंजामिन ४०० मीटर हर्डल्स ४७.०२ मधे पळाला. या शर्यतीचा दादा एडविन मोझेस, त्याच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वेळेशी बरोबरी. हा राय कोण? वेस्ट इंडीजच्या विन्स्टन बेंजामिनचा मुलगा! मार्शल, वॉल्श, अँब्रोज यांच्या जोडीने गोलंदाजी करणारा विन्स्टन. म्हणजे एका दिवसात, एका मैदानात, एक वेगवान गोलंदाजी सोडून आलेला पोरगा आणि एक वेगवान गोलंदाजाचा पोरगा. दोघेही अडथळ्यांवरून उड्या मारत. मी शेजारच्या आजोबांना क्रिकेट समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी नम्रपणे मान हलवली.

तिखटमीठ

गंमत म्हणजे २०२२ चं विजेतेपदच तेजस्विनला महागात पडणार होतं. एनसीएएमुळे तो आपल्याकडची आंतरराज्य स्पर्धा खेळला नाही, म्हणून राष्ट्रकुलच्या संघात नाव नाही. दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. शेवटच्या क्षणी बर्मिंगहॅमला पोहोचला आणि २.२२ उडी मारून कांस्य घेऊन आला. राष्ट्रकुलमधलं आपलं उंच उडीचं पहिलं पदक.

आणि खोखोपटू, तुमच्या मोहिंदर गिलची १९७० ची स्पर्धा डे मॉइनला झाली. त्याच स्पर्धेत अजून एकाची सुरुवात झाली. युजीनला राहणाऱ्याने त्याचं नाव अजून घेतलं नाही याचं नवल वाटतंय.

युजीनकर

घेणार होतो, पण त्याच्याबद्दल बोलायला लागलो की बायको खोलीतून उठून जाते.

स्टीव्ह प्रीफाँटेन, ऑरेगनचा लांब पल्ल्याचा धावपटू. इथे नुसतं "प्री" म्हणतात, आपण सचिन म्हणतो तसं. १९७० ला डे मॉइनमधे, शर्यतीच्या आधी हॉटेलच्या तलावाच्या फळीवर पाय कापला, टाके पडले. तसाच तीन मैल पळाला आणि जिंकला. मग ७१, ७२, ७३. एकच शर्यत सलग चार वर्षं जिंकणारा तो पहिला. क्रॉस कंट्रीची (माळरानातून पळायची शर्यत) तीन विजेतेपदं वेगळी.

सारखा पुढे राहून पळायचा. मागे दबा धरून शेवटी उसळी मारायची, हा प्रकार त्याला मान्यच नव्हता. ३० मे १९७५ ला, चोविसाव्या वर्षी, युजीनमधेच गाडी उलटून गेला. तेव्हा २,००० पासून १०,००० मीटरपर्यंतचे सगळे अमेरिकन विक्रम त्याच्याकडे होते.

अपघात झाला तो खडक माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर आहे. चढाचा रस्ता, एका बाजूला झाडी. लोक तिथे पदकं, जुने बूट, छातीवरचे नंबर ठेवून जातात. पावसाने नंबरांचे कागद खडकाला चिकटतात आणि एकाचा आकडा दुसऱ्यावर उमटतो. गेल्या वेळी एक छोटा, लहान मुलाचा बूट होता, एकच. लेस नीट बांधलेली.

जुना पीटी सर

सलग चार म्हटलं की विस्कॉन्सिनची सुझी फेव्हरही आलीच पाहिजे. १५०० मीटर, १९८७ ते १९९०. आणि प्रीच्या आधीचा गेरी लिंडग्रेन, वॉशिंग्टन स्टेट. एनसीएएच्या बारा अंतिम शर्यतींपैकी अकरा जिंकल्या. हरला ती एकच, १९६८ ला इनडोअर दोन मैल, आणि हरवणारा होता मैलाचा तेव्हाचा विश्वविक्रमवीर जिम रायन.

तिखटमीठ

वॉशिंग्टन स्टेटचाच हेन्री रोनो माझा उमेदवार. केनियाचा. १९७८ च्या एप्रिल ते जून, ८१ दिवसांत चार विश्वविक्रम: ५,०००, ३,००० स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यांची शर्यत), १०,००० आणि ३,०००. पहिले दोन अमेरिकेत, कॉलेजच्या हंगामात, बर्कली आणि सिअ‍ॅटलला. तेव्हा बरेच लोक कुरकुरायचे की परदेशी, वयाने मोठे धावपटू आणून कॉलेजं विजेतेपदं विकत घेतात. कुरकुर आजही आहे. पण मला विचाराल तर रोनो त्या गावात आला नसता तर जगाचं नुकसान झालं असतं.

आपल्या अविनाश साबळेसाठी स्टीपलचेस पहाटे उठून बघणाऱ्यांनी रोनोचा ८:०५.४ हा आकडा एकदा समोर ठेवावा. ४७ वर्षांपेक्षा जुना आहे आणि अजूनही आपल्या राष्ट्रीय विक्रमाच्या पुढे आहे.

गोट्या

मीपण एक अभ्यासपूर्ण टाकतो. २०१९, ऑस्टिन. शुक्रवारी टेक्सास टेकचा नायजेरियन डिव्हाइन ओदुदुरू १०० मीटर ९.८६ आणि त्याच संध्याकाळी २०० मीटर १९.७३. शनिवारी एलएसयूची (लुइझियाना स्टेट) शकॅरी रिचर्डसन, वय १९, पहिलं वर्ष, १०.७५. वीस वर्षांखालचा विश्वविक्रम. मग २०० ला २२.१७, तोही वीस वर्षांखालचा विक्रम, आणि तरी दुसरी! एका शतांशाने.

आणि त्याच स्पर्धेत मोंडो डुप्लांटिस हरला. हो, तोच, जो आता दर वेळी बांबू उडीचा विश्वविक्रम एकेक सेंटीमीटरने वर सरकवत असतो. साउथ डकोटाच्या ख्रिस निल्सनने ५.९५ मारली, मोंडो ५.८० वर.

सांगा, जिलब्या बरोबर मोजल्या का?

तिखटमीठ

मोजल्या. चहा पाठवतो.

अनुजा_पी

युजीनकरांच्या त्या बॅटनवर परत येते. विद्यापीठाकडून राज्य आंतरविद्यापीठ स्पर्धेला, अश्वमेधला, मी ४×४०० चा चौथा टप्पा पळाले होते. तिसरी माझ्याकडे येत होती तेव्हा तिचे डोळे बंद होते. अक्षरशः बंद. मी हात मागे करून आधीच निघाले, आणि बॅटन माझ्या बोटांना लागून खाली. ट्रॅकवर आपटल्याचा तो पोकळ आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. आमच्या सरांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ते जाऊ दे. माझा प्रश्न: चूक माझी होती की तिची?

जुना पीटी सर

ताई, चूक तुमची. रागावू नका, सांगतो.

४×१०० मधे न बघता बॅटन घ्यायचा असतो. येणारी अजून पूर्ण वेगात असते, जाणारी ठरलेल्या खुणेवर सुटते, हात मागे स्थिर, आवाज आला की घ्यायचा. ४×४०० चं तसं नाही. येणारी चारशे मीटर पळून संपलेली असते, तिचे पाय तिचे राहिलेले नसतात. तिच्याकडून अचूकपणाची अपेक्षाच चुकीची. म्हणून घेणारीने मान वळवून बघायचं, तिचा वेग किती उरलाय त्याचा अंदाज घेऊन निघायचं, आणि बॅटन तिच्या हातातून काढून घ्यायचा. तिने द्यायचा नसतो, आपण घ्यायचा असतो. सगळी जबाबदारी ताज्या पायांची.

हे तुम्हाला शिकवलं नाही ही तुमच्या सरांची चूक. आणि नंतर दोन दिवस बोलले नाहीत ही त्याहून मोठी.

अनुजा_पी

सर, पंधरा वर्षांनी हिशेब लागला. आभारी आहे.

काल जेवणं झाल्यावर तो २०१८ चा व्हिडिओ आईला मोठ्या पडद्यावर दाखवला. तिला यातलं काही कळत नाही, मी सगळं समजावून सांगितलं, ५१, ५२, ५३. शेवटी एलिसने रेषेवर छाती टाकली तेव्हा मी परत एकदा ओरडले. आईने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "आणि ती पुढची पोर? ती कुठल्या गावची?"

म्हटलं, पर्ड्यू, इंडियाना.

म्हणाली, "परत लाव. आता मी तिच्याकडे बघते."